मुरबाडच्या पुढची बाबांची सॉ मिल: बाबा गेले, चिरकाम चालू आहे

अस्सल लाकूड, आपल्या मापाने चिरलेलं आणि नीट वाळलेलं हवं असेल, आणि त्यासाठी ठाण्यातून दोन-अडीच तासांचा रस्ता काढायची तयारी असेल, तर मुरबाडच्या पुढची ही सॉ मिल आजही माझी पहिली पसंती आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण होळीनंतर मिलचे मालक, सगळ्यांचे बाबा, गेले तेव्हापासून ठाणे-कल्याणच्या सुतारांमध्ये एकच विचारणा चालली आहे: मिल चालू आहे का, पोरं ती विकून टाकणार का, काम पूर्वीसारखं होतं का? मिल चालू आहे. विकणार नाहीत. काम पूर्वीसारखं होतं का, याचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं बाळकुमला छोटं वर्कशॉप आहे. दारं, चौकटी, झोपाळे, देव्हारे, जुन्या फर्निचरची दुरुस्ती. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे (पॅटर्न) बनवायचे आणि रविवारी बाहेरची कामं घ्यायचे. त्यांच्याबरोबर मी पहिल्यांदा या मिलवर गेलो तेव्हा शाळेत होतो. तेव्हापासून माझं बहुतेक लाकूड तिथूनच येतं. बोर्डावर घरच्यांचं आडनाव आहे, ते इथे देत नाही. आपलं नाव छापून यावं हे बाबांना आवडत नसे, आणि घरच्यांनीही तेच सांगितलं. पण जागा सापडायला नावाची गरज नाही. कल्याणहून शहाडमार्गे मुरबाडचा रस्ता धरायचा, रायत्याचा पूल ओलांडायचा, मुरबाड मागे टाकायचं आणि माळशेजच्या दिशेने चालत राहायचं. टोकावड्याच्या अलीकडे पत्र्याची लांब शेड आणि तिच्यापुढे ओंडक्यांच्या थप्प्या दिसतील. चुकलात तर टपरीवर ‘बाबांची मिल’ म्हणून विचारा.

बाबांचे वडील करवत्ये, म्हणजे हातकरवतीने लाकूड चिरणारे, होते. मुरबाड-शहापूरकडे जंगलाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, लिलावाने जायचे, ठेकेदार माणसं घेऊन यायचे. पुढे जंगल कामगारांच्या सोसायट्या आल्या, पण राबणाऱ्याचं काम तेच राहिलं. झाड पाडायचं, फांद्या साफ करायच्या, ओंडके करायचे, आणि मोठा ओंडका हलवता येत नसेल तर जागेवरच चिरायचा. बाबा बारा-तेरा वर्षांचे असताना वडिलांच्या हाताखाली खड्ड्यात उतरले. हे काम ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमिनीत पुरुषभर खोल लांबोडका खड्डा खणतात, त्यावर दोन सोट आडवे टाकतात, सोटांवर ओंडका. एक जण ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात, आणि दोघांच्या मध्ये उभी लांब करवत. वरचा रेघ सांभाळतो, खालचा ओढतो. करवत कापते ती खाली येताना. म्हणजे खरा जोर खालच्याचा, आणि सगळा भुसाही त्याच्याच डोळ्यात. बाबा डोक्याला पंचा गुंडाळून दिवसभर मान वर करून उभे राहायचे. म्हातारपणी त्यांची मान नीट खाली वळत नव्हती. जेवतानाही ताट जरा उंचावर, पाटावर ठेवावं लागे.

ओंडक्यावर रेघ मारायची ती गेरूच्या पाण्यात भिजवलेल्या दोरीने. दोन्ही टोकं दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायची, की लाकडावर सरळ लाल रेघ उठते. याला सूत मारणं म्हणतात. मशीन आल्यावरही बाबांनी गेरूचा डबा टाकला नाही. वेडावाकडा ओंडका असला की आधी सूत, मग पातं.

झाडं त्यांना सालीवरून, पानावरून, कुऱ्हाडीच्या आवाजावरून कळायची. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या जंगलात साग आहे तसे ऐन, हेद, कळंब, धावडा, बिबळा, खैर, शिवण, तिवस, सावर, मोहही आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आज ठाण्यातल्या दुकानात ‘जंगली लाकूड’ म्हणून सगळं एकाच ढिगात टाकतात, तेव्हा मला बाबांची फार आठवण येते. ऐन ओळखायला त्यांनीच मला शिकवलं: साल सुसरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्याखवल्यांची. सागाचं कोवळं पान माझ्या तळहातावर चोळून दाखवलं आणि हात लालभडक झाला. धावडा कुऱ्हाडीच्या दांड्याला, कारण तो चिवट आणि झटका सोसणारा. शिवण हलकी, आणि एकदा वाळली की पिळत नाही, म्हणून वाद्य बनवणारे तिच्या शोधात असायचे. सावर काडेपेटीच्या काड्यांना. खैराचं मुसळ, ऐनाचे खांब-वासे. हे सगळं त्यांनी कधी शिकवायचं म्हणून शिकवलं नाही. समोर जे लाकूड असेल त्याच्याबद्दल ते बोलायचे.

मशीन आलं ते आणीबाणीच्या आसपास. ३० ऑगस्ट १९७५ पासून महाराष्ट्रात खाजगी वनं सरकारकडे गेली. आपल्या जिल्ह्यात अशी मालकीची जंगलं पुष्कळ होती, तिथली तोड थांबली आणि करवत्यांचं काम आटलं. बाकीचे भिवंडीला मागावर किंवा कल्याणला हमालीला गेले. बाबांनी म्हसा गावच्या जत्रेत बैलजोडी विकली, थोडं कर्ज काढलं, आणि मुंबईत रे रोडच्या लाकूड बाजाराकडून जुनी बँड सॉ, म्हणजे पट्ट्यासारखं अखंड पातं फिरणारी करवत, आणली. सुरुवातीला डिझेल इंजिनावर चालायची, पुढे थ्री फेजची वीज आली. हिशेब साधा होता: जंगलातलं लाकूड मिळणार नसेल तर शेतकऱ्यांच्या बांधावरचं, परड्यातलं चिरायचं. आंबा, फणस, शिरीष, बाभूळ, कडुनिंब, परवानगी काढून तोडलेला मालकीचा साग.

ती परवानगी हा बाबांच्या आयुष्याचा अर्धा भाग होता, म्हणून थोडं थांबून सांगतो. आपल्याकडे १९६४ पासून झाडं तोडण्यावर नियंत्रण आणणारा कायदा आहे. साग, ऐन, खैर, मोह, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, तिवस अशी १६ झाडं त्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. शेतकरी ओंडका घेऊन दारात आला की बाबा आधी कागद बघायचे, मग लाकूड. कागद नसला तर परत पाठवायचे, आणि अर्ज कसा करायचा, सातबारा कुठला जोडायचा, तेही सांगायचे. १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यातला हुकूम आला, आणि पुढच्या मार्चमध्ये कोर्टाने महाराष्ट्रातल्या बिनपरवाना आरागिरण्या, म्हणजे सॉ मिल, बंद करायला सांगितल्या. पुढे २००२ मध्ये कोर्टाने असंही सांगितलं की नव्या गिरणीला राज्याने कोर्टानेच नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय मंजुरी द्यायची नाही. बाबांचा परवाना पहिल्यापासून होता आणि रजिस्टर दिवसाच्या दिवशी भरलेलं असायचं: ओंडका कुणाचा, कुठल्या गटातला, घेर किती, लांबी किती, चिरून किती निघालं, कुणी नेलं. शाळा चौथीपर्यंतची, पण अक्षर मोत्यासारखं... माझ्या वडिलांना त्या रजिस्टरांचं फार कौतुक होतं. आजही ती लोखंडी कपाटात रांगेने आहेत. मी मागितली तेव्हा बाबांच्या मुलाने काढून दाखवली.

लोक विचारायचे, बाबा, कोर्टाच्या हुकमाने धंदा बुडाला ना? ते म्हणायचे, ‘बुडाला तर बुडाला. त्या आधी जंगल बुडत होतं, ते कुनी मोजलं?’ लाकूड कापून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकणं मला दर वेळी मोठं वाटलं.

आता मिलच्या कामाबद्दल. ही जागा दुसऱ्या वखारींपेक्षा वेगळी का, ते दोन गोष्टींत सांगता येईल. पहिली, मापातला सरळपणा. गोल ओंडका आपल्याकडे घेराच्या चौथाईने मोजतात. घेर इंचात घ्यायचा, चारने भागायचा, त्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं, की घनफूट निघाले. ४८ इंच घेराचा, ८ फूट लांबीचा ओंडका घ्या. ४८ ला चारने भागलं की १२, त्याचा वर्ग १४४, गुणिले ८, भागिले १४४: आठ घनफूट. पण ओंडका खरोखर गोल धरला तर त्यात दहा घनफुटांच्या थोडं वर लाकूड असतं. हा मधला फरक साल, फाळक्या (सालीकडचे बाहेरचे तुकडे) आणि भुसा यांच्यापोटी सोडायचा अशी रीत आहे. बहुतेक वखारवाले हे विकणाऱ्या शेतकऱ्याला सांगत नाहीत. बाबा शेडच्या पत्र्यावर खडूने दोन्ही आकडे लिहायचे, आठ आणि दहा, आणि सांगायचे की पैसे आठचे मिळतील, बाकीच्याची ही कारणं, पटत असेल तर ओंडका उतरवा. आणि मग फाळक्या शेतकऱ्याला फुकट न्यायला द्यायचे, चुलीसाठी. तो पत्रा अजून आहे, पावसाने आकडे पुसट झालेत, पण आता बाबांची नात त्याच पत्र्यावर लिहिते.

घेणाऱ्याला चिरलेल्या मालाचं माप कळायला हवं, म्हणून तेही देतो. रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकार भागिले १४४. घराच्या दाराची पाच बाय अडीच इंचांची चौकट, उभे दोन सात-सात फुटांचे आणि वरचा साडेतीन फुटांचा, म्हणजे साडेसतरा फूट लाकूड झालं. त्याचे दीड घनफुटांहून किंचित जास्त होतात. दुकानदाराने याच चौकटीचे दोन घनफूट लावले तर विचारा, कसे. कुठल्याही मिलवर जा, हा हिशेब कागदावर करूनच जा.

दुसरी गोष्ट म्हणजे ओंडका उघडण्याचं कसब, आणि ते मला शब्दांत नीट सांगता यावं अशी फार इच्छा आहे.

नौपाड्यातल्या एका घराचं मुख्य दार करायचं होतं. रुंद दोन पल्ले, चौकटीसकट, आणि घरमालकीणबाईंना सगळ्या फळ्यांचा रंग आणि रेघा जुळलेल्या हव्या होत्या, म्हणजे एकाच ओंडक्यातून काढणं आलं. मिलवर मालकीचा साग पडलेला होता, बुंध्याकडचा भाग, मोठ्या घेराचा. मी म्हटलं, लावा ट्रॉलीवर. बाबांनी नाही लावला. आधी त्यांनी कापलेल्या टोकावर पाणी शिंपडलं आणि उकिडवे बसले. ओलं झाल्यावर वर्षांची कडी स्पष्ट दिसतात. त्यांनी मला बोटाने दाखवलं की ठिपका, म्हणजे झाडाचा अगदी मधला भाग, मधोमध नाही. एका बाजूची कडी रुंद, दुसऱ्या बाजूची दाटीवाटीची. ‘हे झाड उतारावर उभं होतं. या अंगाला ताण आहे. असंच फाडलं तर फळी धनुष्यावानी उठंल.’ मग दुसऱ्या टोकाला जाऊन तेच केलं. नंतर सालीवरून हात फिरवत फिरवत गाठी चाचपल्या. सालीखाली बुजलेली गाठ वरून जेमतेम फुगवटा दिसते, पण फळीच्या मधोमध आली तर दार वाया. एका फुगवट्यावर त्यांनी गेरूचं बोट लावलं, मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर थांबले, नखाने साल उकरली, आणि बोट पुसलं: ती गाठ नव्हती, वेलीचा वळ होता.

मग ओंडका कसा ठेवायचा ते ठरलं. गाठींची बाजू वर, ती आधी फाळकी आणि वाशांत काढून टाकायची. ताणाची बाजू एकदम न कापता आळीपाळीने उलटवून कापायची, म्हणजे दोन्ही अंगांचा ताण सारखा सुटतो आणि फळी सरळ राहते. मधल्या ठिपक्याची एक पट्टी वेगळी काढायची, कारण तो ज्या फळीत राहतो ती हमखास तडकते. आणि दाराच्या फळ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी, जिथे कडी उभी येतात तिथून घ्यायच्या. अशी फळी पावसाळ्यात फुगली तरी पन्हाळीसारखी वळत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड दारात यायला नको, त्याला भुंगेरा लागतो आणि पिठूळ पडतं. हे सगळं होईपर्यंत माझा चहा थंड झाला आणि मशीन अजून सुरू झालं नव्हतं. मशीन सुरू झाल्यावर मात्र काम भराभर उरकलं. पहिली फळी सुटून पडली तेव्हा ताज्या सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास शेडभर झाला, आणि फळीवर हिरवट-काळसर पट्टे होते. मालकीणबाई बरोबर आल्या होत्या, त्यांना वाटलं लाकूड खराब निघालं. बाबांनी फळी उन्हात ठेवायला सांगितली. उन्हाने ते पट्टे फिके पडून सोनेरी तपकिरी होतात, ताज्या सागाचं तसंच असतं. ते दार आजही नौपाड्यात उभं आहे, पावसाळ्यात घासत नाही, आणि खालून-वरून रेघा जुळलेल्या आहेत.

बँड सॉच्या पात्याबद्दलही सांगायला हवं, कारण चिराईचा खर्च लोक फक्त दरात बघतात. पात्याने जेवढं लाकूड खाल्लं तेवढा आपला भुसा. गोल करवतीचं पातं पाच-सहा मिलिमीटर खातं, चांगलं सेट केलेलं बँड सॉचं पातं दोन-अडीच. आठ कापांत साधारण इंचभर जाडी वाचते, म्हणजे एक फळी. सागात वाळूसारखा कठीण अंश असतो, त्याने धार लवकर मरते. बाबा दोन-चार मोठ्या ओंडक्यांनंतर पातं उतरवायचे, मग दुपारच्या जेवणाची वेळ होवो की गिऱ्हाईक ताटकळो. बोथट पातं लाकडात नागमोडी चालतं आणि मग रंध्याने ते सपाट करता करता सुताराचा जीव जातो. मुलाने ही शिस्त पाळली आहे, हे मी मुद्दाम उभं राहून पाहिलं.

बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘कशाला पायजे?’ लाकूड कुठल्या कामाला लागणार हे कळल्याशिवाय ते दर सांगत नसत. स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटाला कोणी साग मागितला तर म्हणायचे, पैसे कशाला घालवतोस, ती जागा प्लायची आहे. उंबऱ्याला कोणी आंबा मागितला तर देतच नसत. उंबरा पाणी खातो, त्याला साग नाहीतर ऐनाचा गाभा. आंब्याची फळी खोक्यांना, शटरिंगला. एकदा घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या गृहसंकुलाच्या कामाचा माणूस आला, त्याला ओल्या सागाच्या चौकटी ताबडतोब हव्या होत्या, दर वाढवून द्यायला तयार होता. बाबांनी वाळलेला माल तेवढा नाही असं सांगून त्याला परत पाठवलं. दिवाळीपूर्वीचे दिवस होते, घरात पैशांची गरज होती, हे मला माहीत होतं. बाबांच्या घरच्या काकू ओटीवर बसल्या होत्या, त्यांनी एका शब्दानेही अडवलं नाही.

मिलच्या मागे ओढ्यापर्यंत त्यांची जमीन आहे. तिथे त्यांनी शिवण, तिवस, बिबळा आणि ऐन लावला. साग फार थोडा. मी कारण विचारलं होतं, तर म्हणाले साग सगळे जण लावतात, तिवस आता शोधावा लागतो. ती झाडं कापायची कधी, हे त्यांनी सांगून ठेवलेलं नाही. मुलाने अजून हात लावलेला नाही.

ठाण्यात सध्या जुन्या इमारती आणि वाडे पाडून नवे टॉवर उभे राहतायत, त्यामुळे ज्यांच्या घरातून जुनं लाकूड निघतंय त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे. जुन्या घराच्या तुळया, खांब, तक्तपोशीच्या (लाकडी छताच्या) फळ्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेला साग आज बाजारात पैसे टाकूनही सहज मिळत नाही. वरून काळा, धुरकट, रंगाच्या थरांनी माखलेला असतो. पाव इंच काढला की आतून नवा. अडचण खिळ्यांची. एक खिळा पात्याला लागला की दात जातात, आणि तुटलेलं पातं चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. म्हणून बऱ्याच मिल जुनं लाकूड चिरायलाच घेत नाहीत. इथे घेतात. बाबा तुळईवर लोहचुंबक फिरवायचे, गंजाचा काळा डाग दिसला की तिथे पटाशीने उकरून बघायचे आणि पक्कडीने खिळा उपटायचे. वेळ लागायचा, पण काम व्हायचं. माझ्या शेजाऱ्यांच्या चरईतल्या घराच्या तुळया तिथे चिरून आणल्या आणि त्यातून झोपाळ्याचा पाट, देव्हारा आणि तीन भावांना तीन पोळपाट झाले. आता नातीने हातात धरायचं मेटल डिटेक्टर घेतलं आहे, त्याने काम लवकर होतं. पण खिळे आधी आपणच काढून नेले तर चिराई स्वस्त पडते, हे लक्षात ठेवा.

आता आजची स्थिती. मिल मुलगा चालवतो, त्याला आम्ही दादा म्हणतो. हिशेब, फोन आणि ऑर्डर नात बघते; ती मुरबाडच्या कॉलेजात शिकते आणि उरलेल्या वेळात मिलवर असते. तिला फोनवर मापांची यादी पाठवली तर ती ओंडक्याच्या दोन्ही टोकांचे फोटो पाठवते, ओले करून काढलेले, आजोबा बघायचे तसे. ठाण्यात बसून ओंडका निवडता येतो ही नवी सोय फार उपयोगाची आहे. वाळलेल्या मालाची थप्पी शेडमध्ये, प्रत्येक थराच्या मध्ये पट्ट्या घालून, टोकांना रंग लावून रचलेली असते. टोकं रंगवली नाहीत तर लाकूड आधी तिथून वाळतं आणि फाटतं. थप्पीवर खडूने चिरल्याचा महिना लिहिलेला असतो. हे दादाने सुरू केलं आणि फार चांगलं केलं.

उणं काय, तेही सांगतो. दादा चांगला चिरतो, सरळ ओंडका त्याच्या हातून बाबांइतकाच सफाईने उघडतो. वाकड्या, गाठाळ ओंडक्याला मात्र तो तेवढा वेळ देत नाही. सरळ कापून मोकळा होतो आणि फळ्यांत एखाद-दुसरी गाठ येते. म्हणून तशा मालाच्या वेळी आपण स्वतः हजर राहावं आणि कुठली बाजू वर हवी ते बोलून घ्यावं. तो ऐकतो, रागावत नाही. ‘कशाला पायजे’ हा प्रश्न तो विचारतो, पण गिऱ्हाईकाने हट्ट धरला तर देऊन टाकतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत तिकडे पाऊस प्रचंड असतो, अंगणात चिखल होतो, टेम्पो रुततो, वीज जाते आणि दिलेली तारीख हमखास पुढे ढकलली जाते. भट्टीत वाळवायची सोय नाही, सगळं हवेवर. घाईचं काम असेल तर इथे जाऊ नका. एक-दोन फळ्यांसाठीही जाऊ नका, येण्याजाण्यातच पैसे जातील. शेडमध्ये भुसा फार उडतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी तोंडाला फडकं बांधूनच आत जावं. जेवायची सोय मुरबाडलाच करा.

ठाण्यातल्या दुकानांशी तुलना करायची तर एवढंच सांगतो. ‘बर्मा टीक’ हा शब्द आपल्याकडे सर्रास वापरतात. पण म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, १ एप्रिल २०१४ पासून सागाचे गोल ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. आज आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा सागही कंटेनरने न्हावा-शेवा बंदरात उतरतो. त्यात वाईट काही नाही, पण कमी वयात कापलेल्या झाडात पांढरं लाकूड जास्त आणि गाभा कमी असतो, आणि पॉलिशखाली ते दिसत नाही. माझ्या एका गिऱ्हाईकाने एका दुकानातून तयार दार घेतलं, पहिल्याच पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यातून पीठ गळायला लागलं. दार माझ्याकडे दुरुस्तीला आलं तेव्हा खालची अख्खी पट्टी पांढरी निघाली. म्हणून कुठूनही घ्या, पॉलिश करण्याआधी घ्या आणि फळीचं टोक बघून घ्या. मुरबाडला टोक बघायला कोणी नाही म्हणत नाही.

जायचंच असेल तर दिवाळी ते मे या काळात जा. आधी फोन करून दर विचारा. लाकूड आणि माप यांप्रमाणे तो बदलतो, आणि नात स्पष्ट सांगते. मापांची यादी तयार फर्निचरच्या मापाने न देता रंध्यासाठी प्रत्येक बाजूला थोडी वाढ धरून द्या. एखाद-दुसरी फळी जास्तीची घ्या, नंतर त्याच ओंडक्यातली मिळत नाही. निघताना बिल आणि वन खात्याचा वाहतूक परवाना हातात घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका, विशेषतः साग असेल तर. परवान्यावरचा गाडीचा नंबर, लाकडाचं माप आणि तारीख जागेवरच ताडून बघा. दादा स्वतः वाचून दाखवतो, बाबांनी लावलेली सवय आहे.

माझी पुढची खेप दिवाळीनंतरची आहे, चार खांबांचा ऐन आणि थोडी शिवण. टेम्पोत जागा उरेल. बाळकुम, माजिवडा, कापूरबावडीच्या बाजूला कोणाला तिथून माल आणायचा असेल, किंवा जुन्या घराच्या तुळया तिकडे पोचवायच्या असतील, तर आधी कळवा, भाडं वाटून घेऊ.